‘तुमचा तूर’ कानाला का खटकतं?

आमच्या जऊळक्यात शेतमालाचं अ‍ॅप करायचं म्हटलं, तर पहिल्याच मेसेजला गाडी अडते. ‘तुमचा हरभरा विकला गेला.’ इथे तूर टाका: ‘तुमची तूर विकली गेली.’ सोयाबीन टाका: ‘तुमचं सोयाबीन विकलं गेलं.’ नाम बदललं की अख्खं वाक्य बदलतं. म्हणजे कोडमध्ये पिकाच्या नावासोबत लिंगही साठवावं लागतं.

आता स्वाहिली बघा. तिथे लिंग नाही, नामांचे वर्ग आहेत, डझनापेक्षा जास्त! आणि खूण लागते शब्दाच्या सुरुवातीला. ‘किताबु किझुरी किमेफिका’ म्हणजे चांगलं पुस्तक आलं. अनेक असतील तर ‘व्हिताबु व्हिझुरी व्हिमेफिका’. गंमत अशी की, हा शब्द मूळचा अरबी ‘किताब’. त्यातल्या ‘कि’लाच स्वाहिलीनं वर्गाची खूण मानलं!

आपण शब्दाचं शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात. नियम मात्र एकच: नाम सांगेल तसं विशेषणानं, क्रियापदानं वागायचं. कोडनं तो पाळला नाही, तर शेतकऱ्याला ‘तुमचा तूर विकला गेला’ असा मेसेज जाईल. पैशाच्या अशा मेसेजवर तो भरवसा ठेवेल का, सांगा बरं?