अडलेलें पिस्तूल

घरांतील आजोबा सैन्यांतून निवृत्त झालेले असावेत. त्यांच्या मागें एके दिवशीं त्यांची जुनी पेटी उघडली जाते. कागदपत्रें, पदकें, घडी घातलेला गणवेष, आणि तळाशीं फडक्यांत गुंडाळलेलें एक पिस्तूल. घरांतील एखादा तरुण तें उचलतो आणि वरचा पोलादी भाग मागें ओढूं पाहतो. तो हलत नाहीं. भोंवतीं भावंडें जमलेलीं, पराक्रम दाखविण्याची हौस! मग तो पिस्तूल पोटाशीं धरून दोन्ही हातांनीं हिसका देतो. अनर्थ घडण्यास एवढा एक हिसका पुरेसा असतो.

हें पिस्तूल अडतें तरी कां? अर्धस्वयंचलित पिस्तुलांत नळीवर पुढेंमागें सरकणारें एक पोलादी आवरण असतें. त्यास स्लाइड म्हणतात. गोळी सुटतांच धक्क्यानें स्लाइड मागें जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेंकते आणि घोडा चढवून ठेवते. मग स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना ती मुठींतील मॅगझिनमधून नवें काडतूस उचलून नळीच्या मुळाशीं, म्हणजे चेंबरमध्यें, सारते. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच हें सर्व पुरें होतें. ज्या खांचांतून ती सरकते तेथें तेल वाळून गोंदासारखें चिकट झालें, दमट हवेनें गंज चढला, किंवा पुंगळी चेंबरमध्यें रुतून बसली, म्हणजे स्लाइड जागची हलत नाहीं. कधीं तर बिघाड मुळींच नसतो. कित्येक पिस्तुलांत सुरक्षेची कळ लावलेली असली म्हणजे स्लाइडहि बंद राहते.

खरी भीति पुढेंच आहे. मॅगझिन काढून घेतलें म्हणजे पिस्तूल रिकामें झालें, असें नवशिक्यास वाटतें. परंतु चेंबरमध्यें आधींच गेलेलें काडतूस मॅगझिनबरोबर बाहेर येत नाहीं, आणि पुष्कळ पिस्तुलांतून मॅगझिन नसतांनाहि तें उडूं शकतें. तें आंत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं स्लाइड मागें न्यावी लागते. आणि अडलेली आहे ती स्लाइडच! दृष्टीआड सृष्टि म्हणतात ती ही. म्हणून अडलेलें पिस्तूल भरलेलेंच आहे, असें धरून चालावें.

जाणता कारागीर तसाच चालतो. माणसांचा वावर नसेल अशा सुरक्षित दिशेस तो पिस्तुलाचें तोंड करतो आणि काम संपेपर्यंत तें ढळूं देत नाहीं. बोट चापापासून दूर ठेवतो. प्रथम मॅगझिन काढतो, मग सुरक्षेची कळ तपासतो. नंतर स्लाइड व सांगाडा यांच्या फटींत पातळ तेलाचे थेंब सोडून थांबतो. गंज जुना असेल तर रात्रभरहि. तेल मुरल्यावर स्लाइडची मागची बाजू घट्ट पकडून, हिसका न देतां, सारखा जोर लावून ती मागें घेतो. ती आली कीं तेथेंच अडकवून चेंबर उजेडांत डोळ्यांनीं पाहतो आणि बोटानेंहि चांचपतो. तो हातोडा मारीत नाहीं. तोंडाकडून नळींत सळईहि खुपसत नाहीं, कारण आंत काडतूस असल्यास हात गोळीच्या वाटेवर येतो. चाप ओढूनहि बार निघाला नसेल, तर निदान अर्धें मिनिट तो पिस्तूल तसेंच धरून ठेवतो; काडतूस कधीं कधीं उशिरां पेट घेतें.

मग अडणें हा अशा पिस्तुलांचा स्वभावच आहे काय? जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलानें याचें उत्तर दिलें आहे. हें नांव महाराष्ट्रास नवें नाहीं; २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडलेलें पिस्तूल ब्राउनिंगच होतें. ब्राउनिंग १८५५ सालीं अमेरिकेंतील ऑग्डेन गांवीं जन्मले आणि १९२६ सालीं बेल्जममध्यें निवर्तले. त्यांच्या एका नव्या पिस्तुलाची अमेरिकन सैन्यानें मार्च १९११ मध्यें कसोटी घेतली. त्यांतून ६००० गोळ्या झाडल्या. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तुलांत ३७ वेळां बिघाड झाला. ब्राउनिंगच्या पिस्तुलांत एकदांहि नाहीं. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सैन्यानें तें स्वीकारलें. कारागिरी थोर खरीच; पण दर १००० गोळ्यांनंतर तें साफ करून त्यास तेल दिलें जाई, ही लहानशी गोष्ट विसरूं नये. सहा हजार बार सोसणारें पोलाद पेटींत वर्षानुवर्षें निजून राहिलें तर मात्र अडतें. दोष पोलादाचा नव्हे, हेळसांडीचा.

तेव्हां पेटींत पिस्तूल सांपडल्यास काय करावें? तें ओढून पाहूं नये. मुलांना दुसऱ्या खोलींत न्यावें, पिस्तूल आहे तेथेंच राहूं द्यावें आणि पोलिस ठाण्यास कळवावें. परवाना आजोबांच्या नांवाचा होता. तो वारसास आपोआप मिळत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें असें हत्यार विनाविलंब ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. वारसास तें हवें असेल तर त्यानें स्वतःच्या नांवानें परवाना मागावा, आणि अडलेली स्लाइड कारागिराकडूनच मोकळी करून घ्यावी.

अडलेल्या वस्तूपुढें थांबण्यांत भ्याडपणा नाहीं. ज्या हातांनीं तें हत्यार इतकीं वर्षें निर्धोक वागविलें, त्या हातांना ही शिस्त ठाऊक होती. आजोबांचा वारसा चालवावयाचा, तर आधीं त्या शिस्तीचा चालवावा.