एडिनबरात कुंडीतले टोमॅटो वाचवताना

एडिनबराचा उन्हाळा तोकडा. मे सरेपर्यंत रात्रीच्या गारठ्याची धास्ती असते, म्हणून रोपं त्यानंतरच बाहेर ठेवायची. इतक्या थोड्या दिवसांत धरलेल्या फळावर खारीचे दात दिसले की जीव हळहळतो आणि ऐकीव उपाय सुरू होतात. त्यातले काही निरुपयोगी आहेत, तर काही चक्क बेकायदा.

गैरसमज: अंड्याची टरफलं किंवा तांब्याची पट्टी लावली की गोगलगाई येत नाहीत.
वस्तुस्थिती: रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये हे दोन्ही उपाय लेट्यूसवर तपासले. खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्याही तपासल्या. एकाही उपायाने नुकसान कमी झालं नाही. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन गोगलगाई वेचणं आणि रोप दणकट होईपर्यंत कुंडी घरात ठेवणं, हे खरे उपाय.

गैरसमज: गोगलगाई मारायच्या निळ्या गोळ्या टाकल्या की काम झालं.
वस्तुस्थिती: मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बागेत वापरायला ब्रिटनमध्ये 2022 च्या मार्चअखेरपासून बंदी आहे, कारण त्या पक्ष्यांना आणि साळिंदरासारख्या काट्यांच्या छोट्या हेजहॉगलाही घातक ठरतात. हेजहॉग तर गोगलगाई खाणारा आपला मदतनीस! जुनं पाकीट घरात असेल, तर वापरू नका.

गैरसमज: लाल तिखट भुरभुरलं की सगळे पळतात.
वस्तुस्थिती: तिखटाने खारीचं तोंड भाजतं, पण मिरचीतला कॅप्सेसिन पक्ष्यांना झोंबत नाही. शिवाय इथली पावसाची एक सर आली की तिखट वाहून जातं. खारी प्लॅस्टिकची जाळी कुरतडतात. त्यामुळे अर्धा इंच भोकांची तारेची जाळी चारी बाजूंनी आणि वरूनही लावावी. तिचाच एक तुकडा मातीवर अंथरला की कुंडी उकरली जात नाही.

गैरसमज: जाळीमुळे फळधारणा थांबते.
वस्तुस्थिती: टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. भुंगे आत येऊ शकले नाहीत, तर दुपारी फुलांचा झुबका बोटाने हलकेच हलवावा.

गैरसमज: खार पकडून लांबच्या बागेत सोडणं हा दयाळू मार्ग आहे.
वस्तुस्थिती: इथली करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. तिच्या अंगावरून पसरणारा विषाणू स्कॉटलंडच्या लाल खारीचा जीव घेतो. म्हणूनच पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं हा कायद्याने गुन्हा आहे. तिला न पकडता फळांपासून दूर ठेवणंच शहाणपणाचं.

गैरसमज: टोमॅटो झाडावरच पूर्ण पिकला पाहिजे.
वस्तुस्थिती: फळावर गुलाबी छटा दिसली की ते तोडून घरात ठेवलं तरी पिकतं, त्याला उन्हाची गरज नसते. फळाला लाली चढू लागली की चोऱ्याही वाढतात. त्या आधीच ते टोपलीत आणा. विष लागत नाही, सापळा लागत नाही आणि कोशिंबिरीला टोमॅटो मिळतो.