कटप्पाची साक्ष

सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्याच दगडांवर कोरलेली आहेत, आणि पुष्कळदा नावासोबत गावही. राजघराण्यातले त्यात अगदी थोडे. गृहस्थ, व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी, कुणाची आई, कुणाची बायको अशीच मंडळी जास्त. त्यांच्या गावांमध्ये भोगवर्धन आहे आणि माहिष्मतीही आहे. भोगवर्धन म्हणजे केळणा नदीच्या काठचं आजचं भोकरदन, जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माहिष्मती म्हणजे नर्मदाकाठचं महेश्वर, असं बरेच अभ्यासक मानतात. काहीजण ती वर मांधात्याला नेतात. 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला निघतात. त्यांच्या वाटेवर प्रतिष्ठानानंतर माहिष्मती येते, मग उज्जयिनी, पुढे विदिशा. पैठणहून अजिंठ्याकडून डोंगर उतरून उत्तरेला जायचं तर भोकरदन वाटेतच पडतं. एस. एस. राजामौलींच्या 'बाहुबली' चित्रपटातली माहिष्मती हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत उभी राहिली खरी, पण भोकरदनच्या लेखी ते परमुलखातलं नाव नव्हे. जुन्या शेजाऱ्याचं नाव आहे.

एवढ्यावरून चित्रपटाला इतिहासाचा दाखला जोडायचा नाही. विजयेंद्र प्रसाद यांनी लिहिलेली गोष्ट कल्पित आहे आणि तिची गंमत कल्पित असण्यातच आहे. मात्र ही कल्पना ज्या मातीतून आली ती माती जुनी आहे. पुराणातल्या माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य, म्हणजे सहस्रबाहू. त्यानं आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवली, पाणी उलटं चढलं आणि काठावर शिवपूजेला बसलेल्या रावणाची पूजा वाहून गेली. चित्रपटाचा नायक महेंद्र पिंड खांद्यावर घेतो आणि थेट धबधब्याखाली नेऊन ठेवतो, म्हणजे आईला अभिषेकाच्या पाण्यासाठी खेपा घालायला नकोत. एकीकडे बाहुबळानं पाणी पिंडीवर लोटलेलं, दुसरीकडे त्याच बळानं पिंडच पाण्यापाशी नेलेली. आणि खलनायक भल्लालदेवाच्या बापाचं नाव बिज्जलदेव! कल्याणीचा कलचुरी राजा बिज्जल आपल्याला बसवेश्वरांच्या चरित्रातून माहीत असतो, त्याच्या घराण्याचं आधीचं ठाणं आपलं मंगळवेढं, आणि त्याहून जुन्या कलचुरींची राजधानी माहिष्मतीच होती. लेखकानं हे जाणून केलं की नाव कानाला बरं वाटलं म्हणून घेतलं, हा प्रश्न बाजूला ठेवू.

मुद्दा वेगळा आहे. १० जुलै २०१५ला पहिला भाग आला आणि २८ एप्रिल २०१७ला दुसरा. तेव्हापासून या चित्रपटाचं कौतुक बहुधा एकाच मापानं झालं: सेट केवढा, खर्च किती, कमाई किती कोटी. भव्यतेचं हे माप ठेकेदाराचं आहे. 'बाहुबली' मोठा वाटतो तो धबधब्याच्या उंचीमुळे नाही. धबधब्याकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा राजामौली आधी दाखवतात, म्हणून तो मोठा वाटतो. या चित्रपटात पराक्रम कधी एकटा घडत नाही. त्याला साक्षीदार लागतो, आणि मोठेपण त्या साक्षीदाराकडून आपल्यापर्यंत येतं. संगणकावरची करामत दहा वर्षांत जुनी दिसू लागते. साक्षीदाराच्या चेहऱ्याला ती अडचण नाही.

पुतळ्याचा प्रसंग घ्या. भल्लालदेवाचा प्रचंड सोनेरी पुतळा उभा करायचा आहे. दोरखंडांना शेकडो माणसं जुंपलेली, पाठीवर चाबूक पडताहेत. एक म्हातारा कोसळतो, दोर सुटत जातात, पुतळा कलंडतो. अशा वेळी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात नायक मधोमध येऊन छाती काढून उभा राहिला असता. इथे तोंड झाकलेला महेंद्र त्या मजुरांतलाच एक होऊन दोर धरतो. तोंडावरचं फडकं सरकतं, शेजारच्या एकाला तो चेहरा दिसतो आणि त्याच्या ओठांवर पंचवीस वर्षांत न उच्चारलेलं नाव येतं. आधी पुटपुटणं, मग दुसऱ्याच्या तोंडी, मग सगळ्या मैदानाच्या. पुतळा उभा राहतो तो भल्लालदेवाचा, आणि घोष होतो बाहुबलीचा. खुद्द महेंद्रला हे नाव कुणाचं तेही ठाऊक नाही. म्हणजे नायकाला आपण नायक असल्याचा पत्ता लागण्याआधी तो गर्दीला लागतो.

दुसऱ्या भागातल्या राज्याभिषेकाची रचनाही तीच आहे. मुकुट भल्लालदेवाला मिळतो, सिंहासन त्याचं, विधी यथासांग. मग सेनापतीपदाची शपथ घ्यायला महेंद्रचा बाप अमरेंद्र बाहुबली पुढे येतो आणि त्याच्या नावाच्या गजरानं जमीन थरथरते. थरथर सिंहासनापर्यंत पोचते. भल्लालदेवाच्या चेहऱ्यावरून विजय उतरताना दिसतो आणि त्याचं सगळं राजेपण तिथेच, अभिषेकाच्या दिवशीच, फिटतं. राणा दग्गुबातीनं हे उतरणं एका शब्दाशिवाय दाखवलं आहे. राज्य हातातून कधी गेलं, असं त्याला कुणी विचारलं तर युद्धाचं नव्हे, या दिवसाचं नाव त्याला सांगावं लागेल.

या साऱ्या साक्षीदारांचा मुकादम कटप्पा. पहिल्या भागाची पूर्वकथा कोण सांगतं, हे पुष्कळांच्या ध्यानातून निसटतं. कॅमेरा नव्हे, कटप्पा सांगतो. महेंद्रचा पाय आपल्या डोक्यावर घेतलेला म्हातारा गुलाम त्याला त्याच्या बापाची गोष्ट सांगू लागतो आणि कालकेय टोळीशी झालेलं युद्ध, राजमाता शिवगामीचा न्याय, अमरेंद्रचं राजसपण हे सगळं आपण त्याच्या तोंडून ऐकतो. पहिल्या भागाच्या अखेरीस ऐकणारे विचारतात, मग असा माणूस गेला कसा? तर तो सांगतो की मीच मारला. 'कटप्पानं बाहुबलीला का मारलं' हा प्रश्न पुढचे २१ महिने चहाच्या टपरीपासून राजकीय सभेपर्यंत देशभर फिरला, तो निव्वळ जाहिरातीच्या जोरावर नाही. कुणी मारलं हे ठाऊक होतं. अडलं होतं ते 'का'पाशी. ज्याच्या शब्दावर विसंबून आपण अमरेंद्रला देव मानलं तोच खुनी निघाला, आणि तरीही त्याचा शब्द खोटा वाटेना.

मराठी माणसाला ही सांगण्याची पद्धत शिकवावी लागत नाही. श्रावणात गावोगाव 'पांडवप्रताप' नाहीतर 'हरिविजय' लागतो. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, आणि बहुतेक वेळा गर्दी जमते ती अर्थ सांगणाऱ्यासाठी. भीमानं हत्ती गरगरा फिरवून फेकला, हे ऐकताना कुणी हत्तीचं वजन विचारत नाही. अर्थ सांगणाऱ्याचा हात कुठवर वर गेला ते बघतात. सत्यराजचा कटप्पा असा अर्थ सांगणारा आहे. त्याच्या आवाजात भक्ती आहे आणि अपराधही, म्हणून त्याच्या गोष्टीतला अमरेंद्र थोडा जास्तच उंच होणार. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी हा तेलुगू-तमिळ चित्रपट आधी हिंदीतून पोचला, आणि त्या हिंदीत प्रभासचा आवाज शरद केळकरचा होता. भाषा बदलली तरी सांगणाऱ्याची ही जात बदलली नाही, म्हणून तो परका वाटला नाही.

यावर तिघांच्या हरकती येतात, आणि त्या उडवून लावण्यासारख्या नाहीत. पहिला म्हणतो, कटप्पा प्रत्येक दालनात कुठे हजर होता? शिवगामी आणि भल्लालदेव यांच्या बंद दाराआडच्या गोष्टी त्याला कशा कळल्या? याला उत्तर आहे: अर्थ सांगणाराही कुरुक्षेत्रावर नव्हता. पण त्याच माणसाची पुढची हरकत अवघड आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी ताडाची झाडं वाकवून, ढालींच्या कवचात अंग गोळा केलेले सैनिक तटापलीकडे भिरकावले जातात. हा प्रसंग कटप्पा सांगत नाही. तो आपल्या डोळ्यांपुढे, चालू काळात घडतो. तिथे सांगणाऱ्याच्या भक्तीची सबब चालत नाही आणि चित्रपट सैल पडतो. देवसेनेच्या कुंतल राज्याच्या नौकेचे पंख उघडून ती ढगांत शिरते तेव्हा डोळे विस्फारतात, कारण ती प्रेमात पडलेल्या अमरेंद्र-देवसेनेची आठवण आहे. ताडावरून उडालेली माणसं कुणाचीच आठवण नाहीत. चाहत्यानंही इथे हट्ट धरू नये.

दुसरी हरकत अवंतिकेची. हाती शस्त्र घेतलेली लढवय्यी स्त्री. नायक तिच्या नकळत तिच्या हातावर चित्र काढतो, पुढे झटापटीत तिचा पोशाख बदलतो, तिचं लढवय्येपण उतरवून तिला 'सुंदर' करतो. २०१५मध्येच यावर टीका झाली आणि ती रास्त होती. गंमत अशी, की हा प्रसंग चित्रपटाच्याच नियमानं नापास होतो. इथे साक्षीदार नाही. नायक करतो, नायकच बघतो, तिला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. याउलट दुसऱ्या भागातली अमरेंद्रची बायको देवसेना घ्या. अंगाला हात लावणाऱ्याची बोटं ती छाटते आणि भर दरबारात, बेड्यांसह, ताठ मानेनं त्याचा जाब देते. सारी सभा बघते आहे, शिवगामी बघते आहे, म्हणून अनुष्का शेट्टीची देवसेना पुढची पंचवीस वर्षं साखळीत असूनही कैदी वाटत नाही. अवंतिका मात्र पहिल्या भागाच्या उत्तरार्धात जवळपास नाहीशीच होते.

तिसरी हरकत सगळ्यांत मोठी आहे. हा सगळा राजेशाहीचा उदोउदो झाला, कालकेय म्हणजे काळे, ओंगळ, न कळणारी भाषा बोलणारे रानटी, आणि कटप्पा म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची गुलामी आनंदानं मिरवणारा सेवक. पैकी कालकेयांबद्दल बचाव करायला जागा नाही. मदन कार्कींनी त्यांच्यासाठी किलिकी ही आख्खी बोली घडवली, पण त्या बोलीत त्यांना स्वतःची गोष्ट सांगू दिली नाही. जिंकणाऱ्यांच्या साक्षीत हरणाऱ्यांचं असंच होतं. कटप्पाची बाजू मात्र वेगळी आहे. त्याची निष्ठा चित्रपट गौरवानं दाखवतो हे खरं, पण सर्वनाशाचं मूळही तिथेच ठेवतो. त्याच्या पूर्वजांनी सिंहासनाशी बांधलेली शपथ, सिंहासनाच्या वतीनं आलेली शिवगामीची आज्ञा, आणि समोर ज्याला मुलासारखं वाढवलं तो. ही भीष्माची कोंडी आहे. ज्याला सगळं दिसतं तो शब्दात अडकलेला, आणि जिचा शब्द चालतो तिला खोटं दाखवलेलं. चांगली माणसं वाईट आज्ञा कशी पाळतात, हे दोन चित्रपटांच्या ऐन मध्यावर ठेवणारा धंदेवाईक सिनेमा राजेशाहीची आरती ओवाळतो असं सरसकट म्हणवत नाही. तरी एक खंत उरतेच. शेवटी राजा बदलतो, कटप्पाची शपथ मोडल्याचं कुणी म्हणत नाही.

आता पुन्हा भोकरदनकडे. १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. सातवाहनांच्या वेळच्या या पेठेत हस्तिदंताचं कोरीवकाम सापडलं, आणि त्यातल्या एका स्त्रीमूर्तीचं साम्य थेट इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी निघालं. ती मूर्ती १९३८मध्ये पाँपेईच्या एका घरात मिळाली होती, आणि पाँपेई तर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेली. जेमतेम वीतभराची, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी, डोक्याला भोक. म्हणजे ती कशाचा तरी पाय किंवा मूठ असावी. म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनच्या बाजूच्या कारागिरांची असावी असं मांडलं. कारागिराचं नाव कुठेच नाही. माहिष्मतीच्या एखाद्या राजाचा सोन्याचा पुतळा असता तर तो वितळवून केव्हाच नाणी पाडली गेली असती. हे हस्तिदंत समुद्रापार जाऊन राखेत टिकलं, आणि सांचीला दगड देणारी भोगवर्धनची माणसं चार अक्षरांत अजून आहेत. चित्रपटाचा शेवट बघताना हे आठवतं. भल्लालदेवाच्या त्या प्रचंड पुतळ्याचं मुंडकं तुटतं, घरंगळत कड्याशी येतं आणि धबधब्याबरोबर खाली, त्याच पिंडीपाशी जाऊन पडतं.

आणि मग नामावली चालू होते. थिएटरातली बहुतेक मंडळी तोवर उठून दाराकडे निघालेली असतात. अंधारात एका लहान मुलाचा आवाज येतो: पुढे राजा कोण, महेंद्रचा मुलगाच का? दुसरा आवाज उत्तर देतो की शिवाच्या मनात काय आहे कुणाला ठाऊक. म्हणजे इतका वेळ कुणीतरी कुणालातरी गोष्ट सांगत बसलं होतं, आणि ऐकणारं पोर अजून झोपलेलं नाही.