पस्तीस कुठून आले?

शिकणं घडतं कसं? : लेखांक 7

तिसरीच्या वर्गाला 52 वजा 27 हे गणित घातलं, की काही पाट्यांवर 35 हे उत्तर हमखास येतं. त्यावर फुली बसते, ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या दशकाकडून घे’ हे पुन्हा सांगितलं जातं आणि मूल मान डोलावतं. दुसऱ्या दिवशी 63 वजा 48 चं उत्तर 25 येतं.

हा धांदरटपणा नव्हे. बिनहातच्या वजाबाकीच्या वेळी ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हे आपणच सांगितलेलं असतं. मुलाने त्यावरून प्रत्येक घरापुरता नियम बांधला: वरचा असो की खालचा, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला, त्यात ही चूक ठळकपणे आहे. मुलं नियम सोडून चुकत नाहीत, स्वतःच्या नियमाला धरून चुकतात. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं असं मानणाऱ्या ज्ञानरचनावादाचा वर्गातला पहिला धडा मला हाच वाटतो.

मग शिक्षकाने काय करायचं? आधी विचारायचं, ‘कसं काढलंस?’ मूल सांगतं, ‘पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच.’ आता त्याच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि 27 काड्या मागायच्या. दोन गठ्ठे ते झटकन देतं. मग सुट्या काड्यांकडे हात जातो आणि अडतो. इथे शिक्षकाने बोलायचं नाही, आणि हेच सर्वांत अवघड आहे. बहुतेक मुलं जरा वेळाने एका गठ्ठ्याचं रबर काढतात. एखाद्याला सुचत नाही, तर शेजारची मैत्रीण सुचवते. काड्या देऊन झाल्यावर उरतात 25, पाटीवर मात्र 35. दोन्ही उत्तरं त्याचीच. यातलं खरं कुठलं हे त्याला ठरवावं लागतं, आणि जुना नियम तिथे मोडतो.

सुटलेला गठ्ठा पाटीवर कसा मांडायचा हे मात्र सरळ सांगावं. अंकलेखनाच्या रीती समाजाने ठरवलेल्या असतात. त्या मुलाने स्वतः शोधाव्यात असं या विचाराचा पाया घालणारा मानसशास्त्रज्ञ प्याजेही म्हणत नव्हता. 2006 मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी नवशिक्यांना मार्गदर्शनाविना सोडण्यावर कडक टीका केली, ती रास्तच होती. पण काड्या पुढे ठेवून नेमके 27 मागणं हेही नेमकं मार्गदर्शनच आहे.

आपल्याकडे ज्ञानरचनावादाचा हा विचार राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मधून आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषद शाळांनी तो अमलात आणला. राज्यभरातून शिक्षक तिथे बघायला गेले. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावच्या शाळांत फरश्या रंगल्या, गठ्ठे, मणी, तक्ते आले. साहित्य आलं हे चांगलंच झालं. पण ‘कसं काढलंस?’ विचारून उत्तराची वाट बघणं रंगवून घेता येत नाही. त्यासाठी हवं असलेलं प्रशिक्षण आणि पाठबळ सगळीकडे पोहोचलं नाही, आणि रंगीत फरशीवरही पाठांतर चालू राहिलं. याची मला मनापासून खंत आहे.

महाविद्यालयातली गोष्ट वेगळी नाही. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला असताना त्यावर कोणतं बल काम करतं? हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण. तरीही न्यूटनचे नियम तोंडपाठ असलेली मुलं ‘हाताने दिलेलं बल’ जोडतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना 1990 च्या सुमारास हेच आढळलं: त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण साध्या संकल्पनेवर अडत. तेव्हापासून ते व्याख्यान मध्येच थांबवून असा प्रश्न टाकू लागले. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

याला उत्तरं नोंदवणारी यंत्रं लागत नाहीत. शंभर मुलांच्या वर्गात बोटं वर करूनही पर्याय नोंदवता येतात. वेळ मात्र जातो, आणि ‘पोर्शन कधी संपवायचा?’ हा प्राध्यापकांचा प्रश्न खोटा नाही. पेपरात व्याख्याच विचारल्या जाणार असतील, तर चेंडूवर वाद घालायला वर्गातली पंधरा मिनिटं कोण देईल? म्हणून पुढच्या लेखांकात परीक्षेकडे वळू.