शर्यत पाव मैलाची!

बालमित्रांनो, शहापूरजवळ महामार्गावर किंवा मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना एखादी मोटार सुसाट गेली, की तुम्ही टाळ्या पिटता ना? उभ्या गाडीने सरळ पट्ट्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर, कमीत कमी वेळात कापायचे, ही झाली ‘ड्रॅग रेस’! लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

साधी मोटार यासाठी कशी तयार करतात? मागची सीट, जादा चाक काढून वजन घटवतात. कारण तेवढ्याच जोराने हलकी वस्तू लवकर वेग घेते. टायर घट्ट पकडीचे हवेत, नाहीतर चाके जागच्या जागी गरगरतात. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, मग जादा इंधन जळून ताकद वाढते.

पण ऐका हं! वेग दुप्पट झाला, की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. धावपट्टीवर त्यासाठी पुढे मोकळी जागा असते. म्हसा यात्रेला निघालेले बैल आणि शाळेतून परतणारी मुले ज्या रस्त्यावर असतात, तिथे ती कुठून आणायची? म्हणूनच सरकारी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. घरातल्या मोठ्या दादाला हे जरूर वाचून दाखवा!