आधी कुलाबा, मग अंदमान

करंजाडे हा पनवेलला लागून सिडकोने वसवलेला भाग. जवळच नवी मुंबईचा विमानतळ आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याचे उद्घाटन झाले. विमानतळ दाराशी आला की लांबची ठिकाणे जवळची वाटू लागतात, आणि मग शाळेच्या शैक्षणिक सहलीची कल्पनाही रायगड आणि नेहरू तारांगण ओलांडून अंदमान-लक्षद्वीपपर्यंत जाऊन पोचते. बेटांवरचे वन्यजीवन अभ्यासायला विद्यार्थ्यांनी जरूर जावे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो क्रमाचा. बेटाकडून काही शिकायचे असेल तर तिथे पुन्हा पुन्हा जावे लागते आणि दर वेळी काहीतरी मोजावे लागते. ज्या बेटावर आयुष्यात एकदाच, चार दिवस जाता येते ते पहिला धडा म्हणून फार महाग पडते. नुसत्या पैशांच्या हिशेबाने नव्हे, शिकण्याच्या हिशेबानेही. करंजाड्याच्या मुलामुलींचे पहिले बेट रायगड जिल्ह्यातच असावे, असे माझे म्हणणे आहे.

बेटांचे एवढे कौतुक का, ते आधी पाहू. सलग जंगलात एखादा प्राणी कुठून आला, कुठे गेला याचा हिशेब लागत नाही. बेटाला कडा असते, त्यामुळे जमाखर्च मांडता येतो. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली हाच जमाखर्च एका सिद्धांतात मांडला: बेट मोठे आणि किनाऱ्याजवळ असेल तर तिथे प्रजाती जास्त, लहान आणि दूर असेल तर कमी. विल्सन आणि डॅनियल सिम्बरलॉफ यांनी तो तपासण्यासाठी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची खारफुटीची काही चिमुकली बेटे निवडली, त्यांच्यावर तंबू घातले, धुरी देऊन सगळे किडेकोळी मारले आणि पुढे वारंवार जाऊन मोजदाद केली. वर्षभरात बहुतेक बेटांवर प्रजातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली, पण त्या प्रजाती बऱ्याच अंशी निराळ्या होत्या. पर्यावरणशास्त्रातला हा गाजलेला प्रयोग ज्या तऱ्हेच्या झाडीत झाला, तशी झाडी पनवेलच्या खाडीतही आहे. (धुरीचा भाग अर्थातच कोणी करून पाहू नये.)

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे डार्विन. तो गालापागोसला गेला म्हणून तर उत्क्रांतीचा सिद्धांत जन्मला! गेला खरा, १८३५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो पाच आठवडे त्या बेटांमध्ये होता. पण तिथे काय घडले ते नीट पाहिले की हे उदाहरण उलटे फिरते. ज्या फिंच पक्ष्यांशी आज त्याचे नाव जोडले जाते, त्यांपैकी कोणता पक्षी कोणत्या बेटावर मिळाला याची नोंद त्याने धड ठेवलीच नव्हती. बेटाबेटावरची कासवे निरनिराळी असतात, हे तिथल्या उपराज्यपालाने त्याला सांगितले होते, तरी त्याचे महत्त्व त्याच्या वेळीच ध्यानात आले नाही. जहाजावर घेतलेली मोठी कासवे खलाशांनी वाटेत खाल्ली आणि पाठी समुद्रात फेकून दिल्या. ते सगळे फिंच जवळच्या नात्यातले आहेत, हे १८३७मध्ये लंडनमध्ये बसून जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने दाखवले, आणि मग डार्विनला सहप्रवाशांच्या संग्रहांतून बेटांची नावे गोळा करत बसावे लागले. आणि हा काही नवशिका नव्हता. केंब्रिजला असताना भुंगेरे गोळा करण्याचे त्याला वेड होते. प्रवासाला निघण्यापूर्वी, १८३१च्या उन्हाळ्यात, तो अ‍ॅडम सेजविक या भूशास्त्रज्ञाबरोबर वेल्समध्ये खडक वाचायला शिकला होता. एवढी तयारी असलेल्या माणसाच्या हातून पाच आठवड्यांत इतके निसटले, तर नववीतल्या मुलांकडून पाच दिवसांत किती अपेक्षा ठेवायची?

त्याच द्वीपसमूहातले कोडे उलगडले ते पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांना. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून सुमारे चाळीस वर्षे डॅफ्ने मेजर नावाच्या एका बारक्या बेटावर फिंच पकडून त्यांच्या चोची मोजल्या. १९७७च्या दुष्काळात बारीक मऊ बिया संपल्या, मोठ्या कठीण बिया फोडू शकणारे पक्षी जगले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने मोठी निघाली. दुष्काळाआधीचे आकडे हाती होते म्हणूनच हे दिसले. आपल्या घरातलेच उदाहरण हवे तर सालिम अलींचे आहे. जर्मनीतून परतल्यावर हाताला नोकरी नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि १९३०च्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर रोज नजर ठेवून बसले. घरटे नर विणतो, अर्धे विणून झाले की माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडले तर ती राहते आणि नर दुसरे घरटे सुरू करतो, हा सगळा व्यवहार त्यातून उलगडला. नाव सुगरण आणि विणकाम नराचे, ही गंमत मराठी मुलांना किहीमलाच कळावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिवंत प्रवाळ, निळे पाणी, विषुववृत्ताकडचे रान यांचा विस्मय खाडीच्या चिखलात कुठून मिळणार? नाहीच मिळणार, हे मान्य. पण विस्मयाची खात्री अंदमानातही नाही. आपल्याकडचे लोक सावरकरांसाठी सेल्युलर जेलला जातात, तिथून बोटीने रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर. तिथली माणसाळलेली हरणे हा फोटोंचा आवडता विषय. ती चितळे अंदमानची नव्हेत. इंग्रजांनी ती शिकारीच्या हौसेपायी तिथे आणली. त्यांना खाणारा मोठा प्राणी बेटांवर नसल्याने ती वाढली, रोपे खाऊन त्यांनी जंगलाचा तळ उजाड केला आणि तळाच्या झुडपांत राहणारे सरडेही कमी झाले. बेटाच्या पर्यावरणातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट अशी समोर उभी राहून बिस्किटे खात असते, आणि अडाणी डोळ्याला ती फक्त गोंडस दिसते. ज्या मुलाने पनवेलच्या माळावर घाणेरीने काय गिळले ते टिपून ठेवले आहे, ते मूल त्या हरणाकडे बघून विचारील, 'हे इथे कसे?' असे मूल अंदमानला जाऊ द्यावे, आनंदाने.

बेटावरच्या लोकांना सहलींतून पैसा मिळतो, हेही खरे. परंतु लक्षद्वीपसारख्या प्रवाळबेटावर गोडे पाणी म्हणजे वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. कवरत्तीला २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभारावा लागला तो उगाच नाही. साठ मुलांची आंघोळ तिथे पाहुणचारात धरता येत नाही, तो उपसा असतो. दहा-बारा जणांचा गट गेला, स्थानिकांच्या घरी राहिला, तर गोष्ट वेगळी. काही बेटांवर तर पाऊलच न ठेवणे बरे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला रॉक्सवर गुहांमध्ये पाकोळ्या लाळेची घरटी करतात. सूपासाठी त्या घरट्यांची चोरी होत असे आणि ती थांबवण्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला झगडावे लागले. तिथला अभ्यास दुर्बिणीतून, बोटीतूनच व्हावा.

मग करंजाड्याच्या शाळेने सुरुवात कुठे करावी? एक बेट समुद्रातले नाही: कर्नाळा. १९६८ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे, त्यातून महामार्ग जातो आणि भोवती वस्ती वाढते आहे. चहूबाजूंनी माणसांचा समुद्र असलेल्या या जंगलात कोणते पक्षी टिकतात आणि कोणते येईनासे होतात, हा मॅकआर्थर-विल्सन यांचाच प्रश्न आहे, आणि दर महिन्याच्या एका रविवारी, त्याच वाटेवर, त्याच वेळात मोजणी करून तो दहा वर्षांत सोडवता येईल. आठवीची वही नववीच्या हाती द्यायची, एवढीच व्यवस्था लागते. दुसरे बेट अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येते, आत गोड्या पाण्याची विहीर आहे, म्हणजे बेटावर गोडे पाणी कुठून येते हा लक्षद्वीपचा प्रश्न इथेच विचारता येतो. बाहेरच्या खडकांवर कालवे, शंख, खेकडे आपापली उंची धरून पट्ट्यापट्ट्यांनी राहतात. सहलीची वेळ मात्र बसवाल्याने ठरवून चालणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. त्या हिशेबाने अमावास्येला भरती सव्वाअकराच्या पुढे, म्हणजे ओहोटी सकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही खूप मागे हटते आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. करंजाड्याहून बस पहाटे साडेतीनला सुटायला हवी.