मैत्रीचे करार आणि निपाणीचा शेतकरी

मित्रराष्ट्रांशी शेतमालाचे दीर्घ मुदतीचे करार व्हावेत, याविषयी आमचे दुमत नाही. मात्र दिल्लीत होणाऱ्या अशा करारांचा भार अखेर कोणाच्या शिरावर पडतो, हे जाणावयाचे असेल तर बेळगाव जिल्ह्यातील निपाणीकडे पाहावे.

१९८१ च्या मार्चमध्ये तेथील तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिल रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात बारा शेतकरी प्राणास मुकले. माल शेतकऱ्याचा आणि भाव व्यापाऱ्याचा, हेच त्या असंतोषाचे मूळ होते.

पुढे २००४ साली भारताने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास मान्यता दिली. लोकारोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तंबाखू पिकवणाऱ्यास परवडणारा पर्याय मिळावा म्हणून सरकारांनी प्रयत्न करावेत, असेही त्या कराराचे सतरावे कलम सांगते. पण हा पर्याय कोणता? डाळीचे पीक घ्या, असा सल्ला देणे सोपे आहे. अडचण पुढेच आहे.

२०१६ साली भारताने मोझांबिकशी डाळींच्या, मुख्यतः तुरीच्या, आयातीचा पाच वर्षांचा करार केला. वार्षिक एक लाख टनांपासून दोन लाख टनांपर्यंत आयात वाढवावयाचे ठरले. २०२१ मध्ये त्याची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढली. मलावी व म्यानमार यांच्याशीही तसेच करार झाले. २०१५ च्या महागाईने पोळलेल्या ग्राहकाचा विचार त्यामागे होता, हे आम्ही नाकारत नाही. परंतु २०१६-१७ मध्ये आपल्याकडेच तुरीचे विक्रमी पीक आले आणि क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव असताना बाजार त्याच्या खाली घसरला. सरकारी खरेदी झाली, ती सर्वांपर्यंत पोचली नाही. परदेशातील मालाला खरेदीचा शब्द, आणि स्वदेशातील शेतकऱ्याला खरेदी केंद्रावरील रांग!

मित्राला दिलेला शब्द मोडावा, असे आम्ही म्हणणार नाही. शब्द देतानाच तो विचारपूर्वक द्यावा. मोझांबिकची तूर साधारणपणे ऑगस्टनंतर निघू लागते, आपली डिसेंबरपासून. तेव्हा आपली सुगी चालू असताना आयातीचा माल बाजारात उतरू नये, आणि देशी भाव हमीभावाखाली गेल्यास आलेला माल सरकारी साठ्यात राहावा, अशी कलमे नव्या करारांत घालणे अशक्य नाही. त्यासाठी वाटाघाटींपूर्वी उत्पादक प्रांतांचे आणि शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

एका कराराने तंबाखू सोडावयास सांगावे आणि दुसऱ्याने डाळीचा भाव पाडावा, तर निपाणीच्या शेतकऱ्याने पेरावे तरी काय? केंद्र सरकारच्या वाणिज्य आणि कृषी या दोन्ही खात्यांनी या प्रश्नाचे उत्तर एकत्र बसून दिले पाहिजे.